आरशातला ट्रक

दिवाळीच्या सुट्टीत घरात अभ्यासाचे नाव काढायचे नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. यंदा तो एका ट्रकने मोडला.

वसुबारसेला गाडीने गावी निघालो होतो. चिरंजीव गाडी चालवीत होते. परवाना नुकताच मिळालेला. पुढच्या बसला मागे टाकण्यासाठी त्यांनी उजव्या आरशात पाहिले, "ट्रक लांब आहे," म्हणाले आणि गाडी बाहेर काढली. तोच कानाशी भोंगा कडाडला, गाडी गचकन आत आली आणि सौ.च्या मांडीवरचा चिवडा सर्वांच्या अंगावर!

"खोटारडा आरसा!" चिरंजीव पुटपुटले.

"खोटारडा नाही, दादा, बहिर्वक्र," नववीतली धाकटी म्हणाली आणि घरी पोचताच वही घेऊन बसली.

वाचकहो, तिचे गणित आपणही करून पाहा. समजा, आरशाची वक्रता त्रिज्या २ मीटर. म्हणजे नाभीय अंतर तिच्या निम्मे, १ मीटर. ३ मीटर उंचीचा ट्रक आरशापासून १९ मीटरवर आहे. ट्रक आरशापुढे, म्हणून त्याचे अंतर ऋण. नाभी आरशामागे, म्हणून नाभीय अंतर धन. सूत्रात घातले की

१/प्रतिमेचे अंतर = १/१ + १/१९ = २०/१९

म्हणजे प्रतिमा आरशामागे ०.९५ मीटरवर. उंची ३ × ०.९५ ÷ १९ = ०.१५ मीटर, अवघी १५ सेंटिमीटर!

चिन्ह चुकले तर उत्तर १.०६ मीटर येते. पण बहिर्वक्र आरशातली प्रतिमा नाभीपलीकडे कधीच जात नाही. १ मीटरहून मोठे उत्तर आले, की खुशाल खोडावे.

"पण प्रतिमा एवढी जवळ, तर ट्रक लांब का वाटला?" चिरंजीवांनी विचारले.

प्रश्न रास्त होता. डोळ्यांजवळ फूटपट्टी नसते. ओळखीची वस्तू लहान दिसली, की मन तिला लांब समजते. चालकाचा डोळा आरशापासून १ मीटरवर धरला, तर १५ सेंटिमीटरचा ट्रक त्याला १.९५ मीटरवर दिसतो. खरा ट्रक एवढा लहान दिसायला ३९ मीटरवर हवा. प्रत्यक्षात तो आरशापासून १९ मीटरवर होता!

असा आरसा बसवतात, कारण त्यात रस्ता अधिक रुंद दिसतो. त्याची किंमत अशी मोजावी लागते.

परतताना चिरंजीव बाहेरच्या आरशात पाहून आतल्या सपाट आरशातही पाहू लागले. चिवड्याचा डबा मात्र सौ.ने घट्ट धरला होता.