‘एसेक्स’ जहाजाची हकीकत मुलांनीं वाचावी काय?

जुन्या ग्रंथांचे शोधक ग्रंथाचें मोल त्याच्या बांधणीवरून व शिल्लक राहिलेल्या प्रतींवरून ठरवितात. त्यांच्या लेखीं १८२१ सालीं न्यूयॉर्क येथें छापलेलें ओवेन चेस याचें पुस्तक मोठें दुर्मिळ रत्न आहे. आम्हांस त्या दुर्मिळतेचें फारसें कौतुक नाहीं. शिवाय नव्या आवृत्त्या निघाल्यामुळें तें आज कोणासहि वाचावयास मिळतें. प्रश्न निराळाच आहे. असलें भयंकर पुस्तक विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावें काय, असें कोणी पालक विचारतील. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस तें अवश्य द्यावें, असें आमचें मत आहे. मात्र धाडसाची गोष्ट म्हणून नव्हे.

हकीकत थोडक्यांत अशी. अमेरिकेंतील नॅन्टकेट बेटाचें ‘एसेक्स’ हें जहाज १८१९ च्या ऑगस्टांत देवमाशांच्या शिकारीस निघालें. त्या काळीं घराघरांतून देवमाशाच्या तेलाचे दिवे जळत, आणि त्या तेलापायीं हे खलाशी दोन-दोन, तीन-तीन वर्षें घराबाहेर राहत. २० नोव्हेंबर १८२० रोजीं पॅसिफिक महासागरांत, कोणत्याहि किनाऱ्यापासून फार दूर, एका प्रचंड देवमाशानें दोनदां धडक मारून जहाज फोडलें. वीस माणसें तीन होड्यांत उतरलीं. चेस हा जहाजावरील पहिला मेट, म्हणजे कप्तान पोलार्डच्या हाताखालचा अधिकारी. त्याच्या पेटींतून काय वांचलें? आठदहा कोरे कागद, एक शिसपेन्सिल, तीन बारीक गळ, एक चाकू, धार लावण्याचा दगड आणि साबणाची एक वडी. त्या साबणाचा काय उपयोग झाला असेल तो असो, पेन्सिलीचा झाला. तिनें होडींत टिपणें केलीं, आणि सुटकेच्या वर्षींच त्यांचें पुस्तक झालें.

माणशीं दिवसास अर्धा पाइंट पाणी, म्हणजे लहानसा पेलाभर, मिळे. लाटांनीं भिजलेलीं खारट बिस्किटें खाल्लीं कीं तहान दुप्पट होई. महिन्याभरानें हेंडरसन नांवाचें ओसाड बेट लागलें. तेथील गोड्या पाण्याचा झरा भरतीच्या वेळीं समुद्राखालीं बुडून जाई. आठवड्याभरांत तेथील पक्षी व अंडीं संपत आलीं. तिघे जण बेटावरच राहिले, बाकीचे पुन्हां होड्यांत बसले. पुढील प्रकार आम्ही विस्तारानें सांगत नाहीं. अन्न संपल्यावर मेलेल्या सोबत्यांच्या देहांवर उरलेल्यांनीं प्राण धरला, आणि पोलार्डच्या होडींत तर चिठ्ठ्या टाकून त्याच्याच नात्यांतल्या एका मुलाचा बळी गेला. नव्वद दिवसांनंतर पांच जण होड्यांतून वांचले. बेटावरचे तिघे पुढें एप्रिलांत सुटले. विसांपैकीं आठ. होड्यांत बसलेल्या सहा कृष्णवर्णी खलाशांपैकीं एकहि त्यांत नव्हता, याचाहि वाचकानें विचार करावा.

परंतु आमच्या मतें पुस्तकाचें मर्म या यातनांत नाहीं. तें जहाज फुटल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत आहे. तेव्हां सर्वांच्या पोटांत अन्न होतें आणि डोकीं ताळ्यावर होतीं. मार्केसस बेटें सुमारें बाराशें मैलांवर होतीं, आणि वारा तिकडेच नेणारा होता. दक्षिण अमेरिकेचा किनारा दोन हजार मैलांहून दूर, आणि वारा तोंडावर; म्हणून तिकडे जाण्यासाठीं आधीं दक्षिणेस फार मोठा वळसा घेणें भाग होतें. तरीहि त्यांनीं अमेरिकाच निवडली. कां? तर त्या बेटांवर माणसें खाणारे लोक राहतात, असें त्यांनीं ऐकलें होतें!

मार्केससविषयींची भीति सर्वस्वीं पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण सोसायटी बेटांचें काय? तीं थोडीं अधिक दूर, परंतु वाऱ्याच्याच वाटेवर होतीं. त्यांतील ताहिती येथें १७९७ पासून इंग्रज मिशनरी राहत होते. १८१९ सालीं तेथील राजा पोमारे याचा बाप्तिस्मा झाला होता आणि सातशें फुटांहून लांब असें प्रार्थनामंदिर उभें राहिलें होतें. हें आम्ही मिशनच्या बढाईसाठीं सांगत नाहीं. जगांत उघड असलेली वार्ता अर्धवट ऐकीव गोष्टीपुढें कशी निरुपयोगी होते, तें दाखविण्यासाठीं सांगतों. परक्यांच्या ज्या कृत्याच्या भयानें हे लोक दूर पळाले, तेंच कृत्य अखेर त्यांना स्वतः करावें लागलें. ‘मोबी डिक’ कादंबरीचा कर्ता हर्मन मेलव्हिल यानेंहि, ते सरळ ताहितीस गेले असते तर हे सारे हाल बहुधा टळले असते, असें टिपून ठेविलें आहे.

मागाहून शहाणपण सांगणें सोपें, असा आक्षेप कोणी घेईल. तो येथें लागू पडत नाहीं, कारण योग्य सल्ला त्याच दिवशीं दिला गेला होता. टॉमस निकर्सन हा जहाजावरील चौदा-पंधरा वर्षांचा पोऱ्या वांचला, आणि म्हातारपणीं त्यानेंहि आपली हकीकत लिहिली. ती १९६० सालीं सांपडली व १९८४ सालीं छापली गेली. तो म्हणतो, कप्तानाचें मत सोसायटी बेटांकडे जाण्याचें होतें. दोघां मेटांनीं विरोध केला आणि कप्तानानें मान तुकविली. त्या दोघांपैकीं एक चेस. त्याच्या पुस्तकांत हा निर्णय सर्वांनीं मिळून केल्यासारखा दिसतो! छापलेल्या एका पुस्तकावर विसंबून राहणाऱ्या विद्यार्थ्यास याहून चांगला धडा आम्हांस देतां येणार नाहीं.

म्हणून ज्यांना हें पुस्तक मिळेल त्यांनीं निकर्सनची हकीकतहि मिळवावी, दोन्ही शेजारीं ठेवून वाचाव्या, आणि भूगोलाच्या नकाशाचें पॅसिफिकचें पान उघडें ठेवावें. जहाज बुडालें ती जागा विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस सांपडेल; तेथून ताहितीपर्यंत व तेथून चिलीच्या किनाऱ्यापर्यंत दोन रेघा ओढून पाहाव्या.