ओस निवासस्थानांचा वाली कोण?



पेठमध्ये चोरीची चर्चा सुरू झाली की गस्त वाढवण्याची मागणी होते. गस्त हवीच. पण गावातल्या ओस इमारतींबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या निवासस्थानांत कर्मचारीच राहत नाहीत. बरेच जण रोज नाशिकहून पन्नासेक किलोमीटर ये-जा करतात. अशा एका निवासस्थानाची आधी तावदाने फुटली, मग दाराच्या चौकटी गेल्या, मग भिंतीतल्या वायरीही ओढून नेल्या. आज आत दारूच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्यांचा खच आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी असूनही ही स्थिती! संध्याकाळी शिकवणीहून येणाऱ्या मुली त्या इमारतीसमोरचा रस्ता टाळून वळसा घालून घरी जातात.

रिकामे घर म्हणजे गुन्हा, असे मात्र मी म्हणणार नाही. द्राक्षाच्या हंगामात आपली कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडला मजुरीला जातात, त्यांच्याही दाराला कुलूप असते. पण म्हातारी माणसे मागे असतात, शेजाऱ्यांचे लक्ष असते, पावसाआधी माणसे परततात. तिथे अड्डे बसत नाहीत. अड्डा बसतो तो जिथे कोणी विचारणारे नाही तिथे.

मुंबईत महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये २२ ऑगस्ट २०१३ रोजी छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्याच आवारात ३१ जुलैला आणखी एका तरुणीवर अत्याचार झाल्याचे नंतर उघड झाले. त्या पडक्या आवारात कोण येते-जाते, हे पाहणारे कोणी असते तर?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ओसाड भूखंडांवरचा कचरा काढला, गवत-झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार गरीब वस्त्यांत त्यामुळे गोळीबाराचे गुन्हे २९ टक्क्यांनी घटले. एवढे काम आपल्याला न झेपणारे नाही.

पडायला झालेल्या खोल्या पाडाव्यात. धड आहेत त्यांना दारे-खिडक्या बसवून काहींत मुलांसाठी अभ्यासिका सुरू करावी, आणि मुख्यालयी राहणे ज्यांना बंधनकारक आहे त्यांना उरलेल्यांत राहायला लावावे. तोवर निदान झुडपे तोडून दिवा तरी लावा.

तहसील, नगरपंचायत आणि संबंधित खात्यांनी पावसाळ्यापूर्वी अशा इमारतींची यादी जाहीर करावी आणि प्रत्येक इमारतीवर जबाबदार अधिकाऱ्याचे पद व कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहावा, ही विनंती.

– एक रहिवासी, पेठ (जि. नाशिक)