ओवाळणी आणि हक्क

२०२५ च्या दिवाळीत इनामगावला गेलो होतो. चुलत वहिनी ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेल्या. "भावजी, हे मालकांचं आधार मागतंय. मालक जाऊन सहा वर्षं झाली, अन् वडील त्याच्याही आधी गेले. आता कुणाचं टाकू?"

लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी चाललं होतं. नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार दिल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. (पुढे सरकारने अशा बायकांसाठी सवलत दिली, पण तेव्हा ती नव्हती.) मी सहज विचारलं, "विरोधी पक्षाचं कुणी फिरकलं का मदतीला?" वहिनी हसल्या. "त्यांचा काय संबंध? पैसे त्यांनी थोडेच दिलेत?"

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना.

आठवून बघा. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा घेतल्या. आमच्या शिरूरमधून अमोल कोल्हे आरामात निवडून आले. २८ जूनला अर्थसंकल्पात लाडकी बहीण जाहीर झाली, महिना १५०० रुपये. राखीपौर्णिमेच्या सुमारास पहिले हप्ते खात्यात पडले. नोव्हेंबरात निकाल लागला तेव्हा महायुती २३०, आघाडी ४६! शिरूर विधानसभेची जागाही अजित पवारांच्या पक्षाकडे गेली. विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणाऱ्या २९ जागा आघाडीतल्या एकाही पक्षाला मिळाल्या नाहीत.

हे सगळं फक्त १५०० रुपयांनी झालं असं मी म्हणत नाही. मतदानयंत्रांवर ज्यांना शंका आहे त्यांनी पुरावे घेऊन जरूर कोर्टात जावं. पण विरोधकांनी त्या चार महिन्यांत केलं काय? आधी योजनेला निवडणुकीची लाच म्हटलं. मग तिजोरी रिकामी होईल म्हणून ओरडले. आणि शेवटी जाहीरनाम्यात स्वतःच महिना ३००० कबूल केले! म्हणजे शेजारी चूक करतो म्हणायचं आणि तीच चूक दुप्पट करायची. बायका काय खुळ्या आहेत? खात्यात पडलेले पंधराशे सोडून कागदावरच्या तीन हजारांवर कोण विश्वास ठेवेल?

लोकानुनय करणाऱ्या सरकारशी लढायची ही रीत नव्हे. १९७१ ला इंदिराबाई 'गरिबी हटाव' म्हणाल्या आणि बड्या आघाडीने 'इंदिरा हटाव' म्हटलं. ३५२ जागा घेऊन बाई परत आल्या. गरिबीबद्दल विरोधकांचं म्हणणं काय, ते कुणाला कळलंच नाही.

पण त्यानंतर लगेच आपल्याच राज्यात याच्या नेमकं उलट घडलं. १९७२ चा दुष्काळ. आमच्या पट्ट्यातली म्हातारी माणसं अजून खडी फोडल्याच्या, सुकडी खाल्ल्याच्या गोष्टी सांगतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. तेव्हा समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, लाल निशाण ही मंडळी सरकार खडी फोडायला लावतं म्हणून टिंगल करत बसली नाहीत. ती त्या कामांवर गेली, मजुरी वेळेवर द्या म्हणून भांडली, मोर्चे काढले. शहरात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन रस्त्यावर होत्या. रोजगार हमीची कल्पना काँग्रेसच्या वि. स. पागे यांची, हे मान्यच. पण तिचा कायदा व्हावा म्हणून रेटा लावला तो या लोकांनी. १९७७ ला कायदा झाला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत नाही मिळालं तर भत्ता. आणि पैसा कुठून आणायचा? १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. तो अजून आपल्या पगारातून कापला जातो, बघा स्लिप काढून.

लाडकी बहीण मात्र अजून ओवाळणीच आहे. भावाच्या मनात आलं तर देईल. २१०० देऊ म्हणाले होते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते आलेच नाहीत. त्याच जुलैत सव्वीस लाखांवर नावांचे पैसे थांबवले. त्यात घुसलेले पुरुष होते, त्यांना काढलं ते बरंच झालं. पण खरी गरजू बाई गळली तर तिने जायचं कुणाकडे? अपील कुठे? मुदत किती? विरोधकांनी विधानसभेत एवढं जरी लावून धरलं, आणि गावात गळालेल्या नावांची यादी घेऊन घरोघर फिरले, तर वहिनींना त्यांचा 'संबंध' कळेल. यात भाषण ठोकायला मिळत नाही, ही खरी अडचण.

आमच्या गावाला तर हे ठाऊक असायला हवं. घोडनदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं. पाच खोल्यांचं मोठं घर प्रमुखाचं असावं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. दाणे सगळ्या गावाचे, कोठार त्याच्या दाराशी! अडीनडीला तो वाटत असेल, गाव त्याला दाता म्हणत असेल. त्या कोठाराचा हिशेब कुणी मागितला होता का, ते काही मातीत सापडत नाही.

असो. वहिनींचं काम पुढे अंगणवाडीच्या ताईंनी मृत्यूचे दाखले घेऊन करून दिलं. पक्षाचं कुणीच आलं नाही, ह्यांचंही नाही आणि त्यांचंही नाही.