थंडी सांगून येते, मग खाटा का नसतात?

दर हिवाळ्यात शासकीय रुग्णालयात आम्ही तेच पाहतो. एका खाटेवर दोन लेकरे, फरशीवर दम्याचे म्हातारे, नातेवाइकांच्या हातात बाहेरून औषध आणायची चिठ्ठी. प्रशासन म्हणते, ‘अचानक गर्दी वाढली.’ अचानक? थंडीत न्यूमोनिया वाढतो हे सरकारला पक्के ठाऊक आहे. म्हणूनच दरवर्षी १२ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ‘सांस’ मोहीम चालते. मोहिमेला तारीख आहे, मग वाढीव खाटा, परिचारिका आणि औषधखरेदीला का नाही?

याच महिन्यांत ऊसतोडीचा हंगाम असतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांत दलित आणि भटक्या-विमुक्तांची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. उघड्या रानातल्या कोपीत तान्ही लेकरे गारठ्यात झोपतात. लसीकरणाची नोंद गावाकडे आणि आजारपण फडावर! माणसे हलतात, पण खाटा आणि औषधे जागची हलत नाहीत. नियोजनाच्या कागदावर ज्याची मोजदाद नाही, तोच फरशीवर झोपतो. जातीचे नाव न घेता व्यवस्था जात पाळते, ती अशी.

पैसा नाही, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी, असे २०१७ चे राष्ट्रीय आरोग्य धोरण सांगते. महाराष्ट्र तिथवर पोहोचलेला नाही. खाट नाही म्हणून कोलकात्यात एका जखमी शेतमजुराला रुग्णालयांनी परत पाठवले होते. त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शासकीय रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि निधीची सबब चालणार नाही.

आता थोडे स्वतःकडेही पाहू. आपण कार्यकर्ते रात्री-अपरात्री फोन फिरवून एखाद्याला खाट मिळवून देतो आणि समाधान मानतो. पण खाटा तेवढ्याच असतात. आपला माणूस आत जातो, तेव्हा ओळख नसलेला कुणीतरी बाहेर राहतो. ही मदत थांबवू नका, पण तिला चळवळ समजू नका.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. तारीख ठरलेली असते, म्हणून पाणी आणि आरोग्य कक्षांची आखणी आधीच होते. मग चार महिन्यांच्या थंडीची का होऊ नये? यंदा प्रत्येक जिल्ह्यात माहिती अधिकारात विचारा: हिवाळ्यासाठी वाढीव खाटा किती, रिक्त पदे किती, औषधसाठा किती दिवसांचा, ऊसतोड तळांवर फिरते पथक कधी जाते? हे अर्ज सप्टेंबरातच पडले पाहिजेत. डिसेंबरात फक्त धावपळ उरते.

जय भीम!