नाडीवर बोट : हुकूम न ऐकणारं काळीज

कारध्याच्या पुलाखालची वैनगंगा रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मध्येही वाहते. नदीचा उगम शिवनी जिल्ह्यात, मोगलीचा मुलूखही तोच. मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या याच लेखकाची ‘इफ’ ही कविता १९१० मध्ये पुस्तकात आली आणि पुढे जिद्दीचा मंत्र होऊन बसली. शरीर पार संपलं तरी हृदयाला, नसांना निव्वळ इच्छेच्या बळावर राबवून घ्यावं, असं ती सांगते.

कविता म्हणून माझी हरकत नाही. पण भंडारा-कारधा रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या पोट्ट्यांना कुणी हेच शरीरशास्त्र म्हणून पढवू लागलं, की राहवत नाही. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. काल चक्कर येऊन बसलेल्यालाही आज वर ऐकवायचं, ‘मर, पण थांबू नको!’

हृदय मुळात हुकूम घेतच नाही. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. ठोका तिथूनच निघतो. नसा फक्त वेग ठरवतात. व्हेगस नस लगाम ओढते, सिम्पथेटिक नसा टाच मारतात. प्रत्यारोपणात या नसा तुटतात, तरी नवं हृदय चालतं. उलट लगाम गेल्यानं बसल्या जागीच नाडी नव्वद-शंभरच्या घरात जाते. पोटरी आपण पेटका येईस्तोवर आवळून धरू शकतो. हृदयाला तशी मुभाच नाही. एका ठोक्यानंतर थोडा वेळ त्याच्या पेशी दुसरा इशारा घेतच नाहीत.

हिशेब मांडून पाहा. मिनिटाला ७५ ठोके धरले, तर एका ठोक्याला ०.८ सेकंद लागतो. त्यात खालचे कप्पे आकसतात जेमतेम ०.३ सेकंद, उरलेला ०.५ सेकंद ते सैल असतात. जन्मभर राबणारा हा अवयव निम्म्याहून अधिक वेळ विसावतो, आणि डाव्या कप्प्याच्या भिंतीला स्वतःचं रक्त मिळतं तेही मुख्यतः या विसाव्यात. आकसताना तिच्यातल्या रक्तवाहिन्या चेपल्या जातात ना! जोरात धावताना सर्वांत जास्त कात्री लागते ती या विसाव्यालाच.

मग इच्छाशक्ती करते काय? पहाटे चारला उठवते, पाय हलवते. ते थोडं नाही. महिनोन्‌महिन्यांच्या सरावानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं. मुरलेल्या धावपटूची स्वस्थ बसल्यावरची नाडी पन्नासच्याही खाली येते. ते दरडावून होत नाही. दोन फेऱ्यांमध्ये चालावं लागतं, आठवड्यात सुट्टी घ्यावी लागते, रात्रीची झोप पुरी व्हावी लागते.

आणि धावताना छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्यायचा. तोवर प्रशिक्षक कितीही ओरडला तरी धावायचं नाही.

– वैनतीरकर