आकाशाचा फोटो सांगेल हवेची गोष्ट, पण अर्धीच!



'हवेचे प्रदूषण' हा विषय आपण दरवर्षी शिकवतो. कारणे, परिणाम, उपाय. मुलं उत्तरं पाठ करतात, गुणही मिळवतात. पण "आज आपल्या गावची हवा कशी आहे?" असं विचारलं की वर्ग गप्प! हवा मोजणारी केंद्रं बहुतेक शहरांत. खेड्यातल्या शाळेजवळ कुठलं यंत्र? म्हणूनच माझं मत आहे की आकाशाचा रोज एक फोटो आणि सोबत हवामानाची नोंद, हा उपक्रम प्रत्येक शाळेने सुरू करावा.

यामागचं विज्ञान सोपं आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून स्वच्छ आकाश निळं दिसतं. धूर-धुळीचे कण रेणूंपेक्षा खूप मोठे. ते जवळपास सगळेच रंग विखुरतात. मग आकाश पांढुरकं दिसतं, लांबची टेकडी पुसट होते. सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८९ साली आकाशाचा निळेपणा मोजायला निळ्या छटांची गोल पट्टी बनवली होती. आता असं काम फोटोवरून संगणक करू शकतो. अनेक फोटो आणि त्याच वेळचे केंद्रातले आकडे जुळवून तो पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचा, अंदाज बांधायला शिकतो.

मग हवामानाची नोंद कशाला? कारण नुसता फोटो फसवतो. धुकंही पांढरं, धूरही पांढरा. हवा दमट झाली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकाश जास्तच धुरकट दिसतं. वारा पडला की धूर गावातच साचतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड हवा असते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते.

हे असं करा :

१. रोज ठरलेल्या वेळी, एकाच जागेवरून, एकाच दिशेचा फोटो काढा. सूर्य पाठीमागे हवा. टेकडी किंवा पाण्याची टाकी फोटोत येऊ द्या. फिल्टर नको.

२. तापमान, आर्द्रता, वारा, ढग, पाऊस लिहा. वारा झेंड्यावरून, पानांवरूनही कळतो.

३. ऊन चढलं, आर्द्रता उतरली, तरी आकाश धुरकटच? मग धूर किंवा धूळ असण्याची शक्यता जास्त.

मात्र फोटो बघून "आज एक्यूआय १५०" असं कुणी म्हणू नये. विषारी वायू डोळ्यांना दिसतातच असं नाही, त्यामुळे निळं आकाश म्हणजे शुद्ध हवेची हमी नव्हे. हा अंदाज आहे, मोजमाप नाही. हा फरक कळणं हेच तर विज्ञान!

"आधीच कामं काय कमी आहेत?" असं काही जण म्हणतील. खरंय. पण परिपाठातली पाच मिनिटं पुरतात, आणि त्यातच परिसर अभ्यास, गणित, भाषा सगळं येतं.

शिवाय प्रश्न मुलांच्या फुप्फुसांचा आहे. थंडीत, हवा कोंडलेली असते नेमकं तेव्हाच, आपण त्यांना मैदानात पळवतो. दम्याचं मूल धापा टाकत मागे राहतं. हातात महिन्याच्या नोंदी असतील तर मुलंच विचारतील, "सर, कवायत उन्हं वर आल्यावर घेऊया का? पालापाचोळा जाळण्याऐवजी खड्ड्यात टाकूया का?"

त्यांनी हे विचारावं, आणि आपण ते ऐकावं. उद्यापासून वही सुरू करा!