दात शिवशिवतात? किंमत नको, घटक पाहा

थंड पाणी लागताच दातातून कळ जाते, ती उघड्या पडलेल्या डेंटिनमुळे. त्यातल्या सूक्ष्म नलिकांमधला द्रव हलला की आतली नस जागी होते. मग जाहिरातीतली महागडी टूथपेस्ट घरात येते आणि चार दिवसांत गुण नाही म्हणून बाजूलाही पडते. खरे तर किमतीपेक्षा ट्यूबवरचे घटक वाचावेत. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट नस शांत करते, पण रोज दोनदा वापरूनही त्याला दोन ते चार आठवडे लागतात. स्टॅनस फ्लुओराइड किंवा आर्जिनिन नलिकांची तोंडे बुजवते. तेवढ्याने भागले नाही तर दंतवैद्याकडून फ्लुओराइड वार्निश लावून घ्यावे; मात्र ते अधूनमधून पुन्हा लावावे लागते. हिरडीलगत खोल खाच पडली असेल तर ती भरून घेणे बरे. रूट कॅनाल अगदी शेवटी; नुसत्या शिवशिवण्यावर कोणी तो सुचवला तर कारण जरूर विचारावे. मशेरी आणि कडक ब्रशची घासाघीस चालूच राहिली (मशेरीने दात स्वच्छ होतात, हा समज अजून गावोगाव आहे) तर यातले काहीच टिकत नाही. गरम चहानंतर कळ रेंगाळत असेल किंवा एकच दात रात्री ठणकत असेल, तर पेस्ट बदलत बसू नये. कीड नसेपर्यंत पोचलेली असू शकते. दात लगेच तपासून घ्यावा.